मिटल्या तोंडाचा मासा

भाईंदरच्या पाणीखात्यात तात्याराव खरातांनी एकोणतीस वर्षं चावीवाल्याचं काम केलं. म्हणजे छातीएवढी लोखंडी चावी खांद्यावर टाकून गल्लोगल्ली फिरायचं, रस्त्यातलं झाकण उचलायचं आणि आटे मोजत पाणी सोडायचं नाहीतर बंद करायचं. आता चावी काय, कुणीही फिरवतो हो! तात्यारावांचं खरं कसब कानात होतं. त्यांच्याकडे एक लांब गज असायचा. त्याचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला लावायचं, डोळे मिटायचे. दोन मिनिटं गेली की म्हणायचे, "हितं उकरा." उकरलं की गळका पाइप तिथेच. एकदा नवघरला इंजिनिअरसाहेबांचं मशीन एक जागा दाखवत होतं आणि तात्यारावांचा गज दुसरी. साहेबांनी मशीनच्या सांगण्यावरून तीन खड्डे पाडले, मग हात टेकले आणि चौथा खड्डा तात्यारावांच्या जागेवर पाडला. ते मशीन पुन्हा कपाटाबाहेर आलं नाही.

घरी मात्र ह्या कानाची किंमत शून्य. "रस्त्याखालचं पाणी ऐकू येतं, आणि मी चार हाका मारल्या त्या ऐकू येत नाहीत," असं त्यांची बायको वैजयंताबाई येईल-जाईल त्याला सांगायच्या.

गळती सापडली की ती बुजेपर्यंत हा माणूस जेवायचा नाही. लोकांना वाटायचं, काय कामाचं वेड! वेड कसलं? जिंतूरकडच्या त्यांच्या गावात विहिरीला दगडी कठडा होता, आणि त्यांची आई त्या कठड्यापासून दहा पावलं लांब घागर घेऊन बसायची. कुणीतरी येईल, त्याच्या मनात येईल, तो वरून पाणी ओतेल. कधी कधी अख्खी सकाळ जायची. लहानगा तात्या ओंजळ धरून बसायचा. वरून पडणारं पाणी निम्मं तोंडात जायचं आणि निम्मं मातीत. ते मातीत गेलेलं पाणी त्यांच्या डोक्यातून कधी गेलंच नाही. थेंब वाया जाताना दिसला की आतडं तुटायचं त्यांचं.

निवृत्त झाल्यावर वर्षभर ते घरात बसून राहिले आणि बायकोने पुढ्यात ठेवलेल्या डाळीत खडे शोधत राहिले. मग वरसाव्याची बाग निघाली.

घोडबंदर रोडवरून आत, डोंगराच्या पायथ्याशी एक जुनी बाग होती. चारी बाजूंनी दोन पुरुष उंच दगडी भिंत, आत नुसतं रान. कुणी म्हणे पोर्तुगीज अमदानीतली, कुणी म्हणे त्याच्याही आधीची. एका समितीने ती पुन्हा उभी करायची ठरवली, आणि झाडझाडोरा काढता काढता मधोमध एक आठकोनी हौद सापडला. हौदात काळ्या दगडाचा खांब आणि खांबाला बिलगून वर झेपावणारे सात दगडी मासे. एकेक मासा असा घडवलेला की खवला न् खवला मोजून घ्यावा. सहा माशांची तोंडं उघडी, त्यांतून पाणी उडायचं. सातवा मासा उत्तरेच्या भिंतीकडे तोंड करून, आणि त्याचं तोंड मिटलेलं. बागेचं काम बघणाऱ्या आर्किटेक्ट शुभदा मॅडम म्हणाल्या, कारागिराच्या हातून हा राहून गेला असेल. सगळ्यांना ते पटलं.

ह्या कारंज्याला पंप नव्हता. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी खापरी नळांतून उताराने यायचं आणि आपल्याच जोराने उडायचं. ते नळ शोधून काढायला कुणीतरी कानाचा माणूस हवा होता. मॅडमनी पाणीखात्यात विचारलं आणि तिथल्या पाच जणांनी एकच नाव सांगितलं.

तात्यारावांनी आठ महिन्यांत जमिनीखालचा सगळा जुना नळ गज लावून लावून काढून दिला. मासे उडायला लागले, पण जेमतेम वीतभर. पाणी कुठेतरी जात होतं. दिवाळीच्या आधी त्यांनी उत्तरेच्या भिंतीपाशी गज टेकवला, आणि आत खळखळ ऐकू आली. भिंतीखालून पाणी वाहत होतं आणि बाहेर कुठेच दिसत नव्हतं. तिकडे तर रस्ता रुंद करताना टाकलेला भराव होता. एवढं सोन्यासारखं पाणी मातीत! तात्याराव त्या दिवशी जेवले नाहीत. भिंतीच्या आतल्या अंगाला खड्डा खणून घेतला, त्यांना एक दगडी पन्हळ लागली, आणि तिचं तोंड त्यांनी स्वतःच्या हाताने सिमेंटने गच्च बुजवलं. दुसऱ्या दिवशी सहाही मासे छातीएवढे उडाले. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. पेपरात फोटो आला, "कानाने पाणी पाहणारा माणूस". पंचशीलाने, म्हणजे त्यांच्या मुलीने, तो कापून फ्रेम करून घेतला.

समितीने तिथल्या तिथे ठरवलं की बागेच्या पाण्याची चावी कायमची तात्यारावांकडे. उद्घाटनाच्या दिवशी, पाहुण्यांच्या हस्ते, सगळ्यांसमोर द्यायची. तात्याराव वरवर म्हणायचे, "ह्यॅ! चाव्या काय कमी फिरवल्या का जल्मभर?" पण पाणीखात्यातून निरोप देताना त्यांना नारळ आणि शाल मिळाली होती आणि चावी परत घेतली होती, ती रुखरुख वैजयंताबाईंना ठाऊक होती. त्यांनी नवी पांढरी साडी काढून ठेवली.

तर तो दिवस उजाडला. दोन हजार सात सालचा फेब्रुवारी, रविवार, कार्यक्रम संध्याकाळी पाचला. पाणी सकाळपासून पूर्ण सोडलेलं. दुपारी तीन वाजता तात्याराव शेवटची फेरी मारायला निघाले आणि उत्तरेच्या भिंतीपाशी त्यांचे पाय थांबले.

सकाळी चुन्याच्या नव्या गिलाव्यावर तळहाताएवढा ओला डाग होता. आता तो गोधडीएवढा झाला होता. त्यांनी गज लावला. दिवाळीपूर्वी तिथे खळखळ होती. आता वाहतं पाणी नव्हतंच. मधूनच एक जड, दबका आवाज यायचा, डुबुक. मग शांत. पुन्हा डुबुक. खिशातल्या दोरीला त्यांनी एक नट बांधला आणि भिंतीवरून ओळंबा सोडला. वर दोरी भिंतीला चिकटलेली, कमरेपाशी भिंतीने तिला दोन बोटं बाहेर ढकललेलं. भिंतीच्या पोटात पाणी साठलं होतं आणि भिंत फुगत होती.

आणि ह्याच भिंतीच्या सावलीत, कामगारांच्या घरच्यांसाठी म्हणून, मांडववाल्याने तीन रांगा खुर्च्या मांडल्या होत्या.

ते तडक जितेंद्र शाहकडे गेले. हा बागेचा कंत्राटदार. माणूस वाईट नव्हता, पण त्या दिवशी त्याच्या दोन कानांना दोन फोन होते.

"जितूभाई, पाणी बंद करायला लागतंय. भिंत फुगली."

"अरे तात्या, नया प्लास्टर है. पसीना आता है."

"हा घाम न्हाई. आत पाणी तुंबलंय. ओळंबा लावून बघा ना."

जितेंद्रने ओळंबा बघितला. बघितला आणि त्याचा चेहरा क्षणभर उतरला, हे तात्यारावांनी पाहिलं. मग त्याने आवाज खाली आणला. "दोन तास, तात्या. फक्त दोन तास. पाहुणे येतील, फोटो काढतील, जातील. मग तू भिंत पाड नाहीतर डोक्यावर घे. आत्ता पाणी बंद केलं तर उद्घाटन कशाचं करायचं, दगडाचं? आणि एक सांगू? ते होल बुजवलं कोणी? तू. पेपरात कोण आलं? तू. झाकली मूठ सव्वा लाखाची. आज चावी घे, उद्या बघू."

खोटं कशाला सांगा, तात्यारावांना ते पटलं. तीनशे वर्षं उभी असलेली भिंत दोन तासांत काय पडतेय, असं त्यांनी स्वतःला दोनदा सांगितलंसुद्धा. आतल्या खुर्च्या लोक यायच्या आत मागे घेऊ, आणि बाहेरच्या बाजूला जी माणसं बसतात त्यांना जरा सरकायला सांगू, म्हणजे झालं. असं म्हणून ते फाटकातून बाहेर पडले आणि भिंतीला वळसा घालून मागे गेले.

बाहेर भिंतीला लागून गावातल्या चार-पाच बाया टोपल्या घेऊन बसायच्या. त्यांतली सगळ्यांत जुनी गिरिजाबाई, सत्तरी ओलांडलेली कोळीण. एका मोठ्या दगडाच्या कडेवर तिची बैठक, पुढ्यात मासळीची पाटी.

"मावशी, जरा तिकडं सरका. भिंतीचं काम हाय."

"तीस वरसं बसतंय हितं. न्हाय सरकायची."

"अहो, भिंत ओली झालीय."

"मंग व्हनारच!" गिरिजाबाई कडाडली. "भिंत वली आन माझी माती सुकी. तुमी लोकांनी काय केलाव कुनाला ठावं. माझे पाटीखालची माती बारा महिनं वली असायची, वैशाखात पन. मासली पाटीत दिसभर ताजी राहायची. दिवालीपासून खडखडीत सुकली. कुनाला सांगू? इचारलाय कुनी?"

तात्याराव जागच्या जागी उभे राहिले. "दिवाळीपासून?"

"दिवालीपासून. सातव्या माशाचा पानी व्हता ता."

"सातवा मासा तर बंद हाय, मावशी. त्याचं तोंड मिटलेलं हाय."

गिरिजाबाईने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू हा माणूस आत्ताच झोपेतून उठलाय. "आतमंदी कशाला उघडंल तो तोंड? आत सायबाची बाग. सहा मासं आतल्यांचं, सातवा भायेरच्यांचा. आमची आजी सांगं, आमाला फाटकातून आत घेत नव्हतं. तवा त्यो मासा आपलं पानी गिळी आन भिंतीखालून भायेर सोडी. हितं डोन व्हती, दगडाची. गाव पानी भरं. रस्ता केलाव तवा डोन भरावात गेली." तिने बुडाखालच्या दगडावर थाप मारली. "ह्यो काय तिचा काठ. ह्याच्यावरच तं बसलंय मी."

तात्यारावांना वाटलं, कुणीतरी कानाखाली सणसणीत वाजवली. ती गळती नव्हतीच. कठड्याच्या बाहेर बसलेल्यांसाठी कुण्या एका भल्या कारागिराने मुद्दाम ठेवलेलं ते पाणी होतं. आणि ते कुणी बंद करावं? ज्याची आई जन्मभर कठड्याबाहेर घागर घेऊन बसली, त्याने! ह्याच दोन हातांनी, सिमेंट घट्ट कालवून, वर स्वतःची पाठ थोपटून घेऊन. फोटो काढून घेतला त्याचा. फ्रेम केली! त्यांना स्वतःची किळस आली.

पण स्वतःला कोसत बसायला वेळ कुठे होता? चार वाजून दहा मिनिटं झाली होती. "मावशी, पाया पडतो, सगळ्या लांब व्हा," असं म्हणून ते साठाव्या वर्षी फाटकाकडे पळत सुटले.

आत आले तर भिंतीच्या सावलीत पहिल्याच रांगेत पांढरी साडी. वैजयंताबाई लवकर येऊन जागा धरून बसल्या होत्या, शेजारी पंचशीला, हातात कॅमेरा. त्यांच्या पाठीशी गिलाव्याला वरपासून खालपर्यंत केसाएवढी चीर गेली होती. मघाशी ती नव्हती.

"उठा."

"अहो, इथून चांगलं दिसतं..."

"उठा म्हणतो ना! हो मागं!"

पस्तीस वर्षांत हा माणूस बायकोवर ओरडला नव्हता. वैजयंताबाई उठल्या, आणि त्यांच्याबरोबर तिन्ही रांगा उठल्या. तात्याराव तोवर हौदापाशी पोचले होते. चावी बसवली आणि फिरवायला लागले. बावीस आटे. एक, दोन, तीन. जितेंद्र ओरडत येत होता. नऊ, दहा. मासे छातीवरून कमरेवर आले. "तात्या, पागल हो गया क्या?" पंधरा, सोळा. जितेंद्रने चावीला हात घातला. तात्यारावांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्याने हात काढला. बावीस. मासे बसले. बँडवाले वाजवायचे थांबले.

शुभदा मॅडम पाहुण्यांच्या स्वागताचा हार हातात घेऊनच धावत आल्या. "तात्याकाका, काय झालं?"

भोवती पन्नासेक माणसं जमली होती. समितीची मंडळी, पेपरवाला, कामगार, त्यांच्या बायका. आणि आपली स्वतःची बायको, आपली मुलगी. तात्यारावांनी चावी खाली ठेवली.

"मॅडम, ती गळती नव्हती. मी चुकलो. सातव्या माशाचं पाणी बाहेर गावाला जात होतं, ते मी बुजवलं. आता ते भिंतीत तुंबलंय. बाहेरून तोंड मोकळं केलं नाही तर भिंत जाईल. आणि माणसं बी जातील."

मॅडमनी मिटल्या तोंडाच्या माशाकडे पाहिलं, मग उत्तरेच्या भिंतीकडे, मग खाली. "राहून गेला, असं मीच म्हणाले होते," त्या हळूच म्हणाल्या. आणि मग खणखणीत आवाजात, "काय काय लागेल?"

"टेकू लागतील. मांडवाचे बांबू द्या."

"मांडवाचे?" जितेंद्र किंचाळला. "पाऊण तासात पाहुणे येतायत!"

"द्या," मॅडम म्हणाल्या.

अर्धा मांडव उतरला. भिंतीला आतून-बाहेरून आठ-आठ बांबूंचे टेकू लागले. बाहेरच्या बाजूला पायथ्याशी कुणी बसायचं हा प्रश्न आलाच नाही. तात्यारावांनी नवा सदरा काढून पंचशीलाकडे दिला आणि पहार उचलली. "आबा, दुसऱ्या कुणाला तरी..." ती म्हणाली. "कुणी बुजवलं?" त्यांनी विचारलं, आणि ती सदरा घेऊन मागे सरकली.

डोणीच्या काठावरून अंदाज घेत त्यांनी भराव उकरला. माती, खडी, डांबराचे तुकडे. वर भिंत कुरकुरत होती. मधूनच चुन्याचा खडा सुटून पाठीवर पडायचा आणि लांब उभ्या बायका "आई गं!" करायच्या. दोन हात खाली पन्हळीचं तोंड लागलं, मातीने चोंदलेलं. त्यांनी गज आत सारला. गज हातभर गेला आणि टण्ण आवाज झाला. सिमेंट. त्यांचंच. त्यांनी गजाचं टोक कानामागे लावलं. पलीकडे डुबुक, डुबुक. मग पहार पन्हळीत घालून ते ठोकायला लागले. सिमेंट चांगलं कालवलं होतं हो, तेच नडलं! दहा घाव, वीस घाव. पंचविसाव्याला वर कुठेतरी दगड सरकल्याचा आवाज आला, एक टेकू कडकन वाकला, आणि वैजयंताबाई ओरडल्या, "अहो, या ना बाहेर! चुलीत गेली ती चावी!"

तात्याराव आले नाहीत. आणखी चार घाव घातले. आणि पहार एकदम आत गेली.

आधी हवा आली, सुस्कारा टाकावा तशी. मग लाल चिखलाचा लोट. त्याने तात्यारावांना उचलून दोन हात मागे फेकलं. ते चिखलात बसूनच पाहत राहिले. लोट वाहत राहिला, पाव तास तरी. गढूळ झाला, मग ताकासारखा, मग नितळ. भिंत कुरकुरायची थांबली. भराव वाहून गेला तशी डोणीची दुसरी कडा वर आली.

पाहुणे सव्वापाचला आले. मॅडमनी चावी फिरवली आणि सहा मासे वीतभर उडाले. पाहुण्यांनी "बस्, एवढंच?" असा चेहरा केला आणि भाषण आटोपतं घेतलं. समितीची दोन-चार डोकी एकत्र आली, कुजबुज झाली. "माणूस प्रामाणिक आहे, पण कान आता..." असं कुणीतरी म्हणालं. मॅडम बरंच काही बोलल्या, पण त्यांचं एकटीचं कोण ऐकतो? चावी जितेंद्रकडच्या पराग नावाच्या डिप्लोमावाल्या मुलाला देण्यात आली. टाळ्या वाजल्या. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

टाळ्या भिंतीच्या बाहेर ऐकू आल्या. तात्याराव तिथेच होते, चिखलाने माखलेले. पंचशीलाच्या हातात सदरा तसाच होता. वैजयंताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ऐकू आलं?"

"आलं," ते म्हणाले. डोळे भरले होते आणि ते लपवत नव्हते.

डोण भरली होती. बातमी गावात कशी गेली कोण जाणे, बाया हंडे-कळश्या घेऊन यायला लागल्या होत्या. गिरिजाबाईने आधी आपली मासळी धुतली नाही. तिने तांब्या काढला, घासून घेतला, भरला आणि तात्यारावांपुढे आली. "घे रं बाबा. पयला मान तुझा. धर वंजल." आणि तिने माणुसकीने, प्रेमाने, तांब्या वर उचलला.

तात्यारावांचे हात आपोआप वर आले. ओंजळ झाली. साठ वर्षांची सवय, ती कुठे जाते? मग त्यांनी आपल्या त्या ओंजळीकडे पाहिलं आणि ती सोडली.

"थांबा मावशी," ते म्हणाले. "माझं मी घेतो."

ते पुढे झाले, डोणीच्या काठावर गुडघे टेकले, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले.